यादी कोण लावतो?

दलित साहित्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. कवितेवर झालं, आत्मकथनांवर झालं, नाटकावरही झालं. भीमगीताची पाळी आली की मात्र आपल्या समीक्षकाची लेखणी आखडते. 'प्रचारकी असलं तरी लोकप्रिय' असं एक वाक्य टाकून तो पुढं सरकतो. ज्यांनी जरा आस्थेनं लिहिलं त्यांनीही बहुतेक वेळा एकेक गाणं सुटं उचललं, शब्द पाहिले, चाल पाहिली. पण गाणं सुटं कधी येतच नाही. ते मांडवात येतं. कुणाच्या तरी मागून येतं, कुणाच्या तरी पुढं येतं, आणि पुष्कळदा यायचं असूनही येत नाही. गायकानं कुठल्या वस्तीत काय म्हटलं आणि काय गाळलं, ही समीक्षेची बाब आहे असं आमच्या शहाण्यांना वाटत नाही.

वस्तीला वाटतं. जयंतीच्या हंगामात कार्यक्रम सुटल्यावर तुर्भ्यात चहाच्या टपरीवर जी माणसं रेंगाळतात त्यांचं बोलणं ऐका. "काल नेरूळला त्यानं ते पाण्याचं गानं घेतलं व्हतं, आज का न्हाय घेतलं?" "घणसोलीत शेवटचा अंतरा म्हनला, आपल्याकडं खाल्ला." एकाच गायकाच्या मागं ही माणसं दिघ्यापासून बेलापूरपर्यंत फिरतात. कुणी माथाडी, कुणी एमआयडीसीत फिटर, कुणी महापालिकेच्या ठेकेदाराकडं सफाईवर. यांना कुणी समीक्षक म्हणत नाही. मी म्हणतो. हा लेख त्यांच्याच भांडणातून निघालेला आहे आणि त्या भांडणात मीही एक बाजू धरून उभा आहे.

१

हंगाम म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिलला, पण नावाजलेले गायक मोजके आणि मंडळं जागोजाग. एका रात्रीत एक पार्टी किती ठिकाणी जाणार? म्हणून जयंती एप्रिल ओलांडून मे महिन्यात शिरते. बुद्धपौर्णिमा त्यातच येते. गायकाची सुपारी आधीच ठरलेली असते आणि मग त्याच्या तारखेप्रमाणं मंडळाची जयंती ठरते. आज दिघा, उद्या ऐरोली, परवा तुर्भे स्टोअर. टेम्पोत ढोलकी, बेंजो, पेटी, ऑक्टोपॅड, कोरसच्या पोरी आणि मागं झोपलेला पेटीवाला. असा हा दौरा.

अशा एका बुजुर्ग गायकाचे नवी मुंबईतले कार्यक्रम आम्ही पाच-सहा जणांनी एका हंगामात जमतील तेवढे ऐकले. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. नेरूळच्या एका सेक्टरात, जिथं खुर्च्यांना पांढरे कपडे चढवले होते आणि पहिल्या रांगेत साहेबलोक होते, तिथं संविधान, शिक्षण, विद्वत्ता, परदेशातल्या पदव्या अशी गाणी झाली. तुर्भे स्टोअरला हलगी पुढं आली, गाणी तापली, पोरं खांद्यावर पोरं घेऊन नाचली. दिघ्याला पुढच्या बाजूला सगळ्या बायकाच होत्या, तिथं रमाईची गाणी एकामागून एक आली आणि मांडवात पदर डोळ्यांना लागले. गायक एकच, गळा एकच, साजिंदेही तेच. यादी मात्र तीन जातींची.

टपरीवर यावरून तीन पक्ष पडले. एपीएमसी मार्केटमधला माथाडी म्हणाला, "गडी गिऱ्हाईक बघून माल काढतो. व्यापाऱ्यावानी." आमच्यातला शाळामास्तर म्हणाला, "गायकाला मांडव वाचता आला पाहिजे. ती कला आहे, लबाडी नव्हे." बाजूला टोपलं आवरत भाजीवाली मावशी उभी होती. ती म्हणाली, "तुमचं काय बी असू द्या बाबांनो. खडी फोडनाऱ्या बाईचं एक गानं माझी आई ऐकून यायची आन् घरी म्हनायची. ते आता कुनीच म्हनत न्हाय."

माथाडी गायकाच्या नीतीवर बोलला, मास्तर त्याच्या कौशल्यावर. मावशी यादीवर बोलली. मला तिचा मुद्दा सगळ्यात जड वाटतो.

२

याच नेरूळमध्ये डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २०२५ च्या जानेवारीत तिथं कोल्डप्ले या इंग्रजी बँडचे तीन कार्यक्रम झाले. हजारोंची तिकिटं काढून पोरं आली. त्यांच्यातही यादीची चर्चा होती. पण त्या चर्चेची गंमत अशी की यादी जवळपास आधीच माहीत असते. अशा मोठ्या दौऱ्यात दिवे, पडदे, हातातले चमकणारे पट्टे, सगळं गाण्याच्या क्रमाला बांधलेलं असतं. एखाददुसरं गाणं हललं तरी पोरांना केवढं अप्रूप! तिथं श्रोता यादी ऐकायला येतो, लावायला येत नाही.

अमेरिकेत बॉब डिलन नावाचा गायक-कवी आहे. त्याला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं. १९८८ पासून तो वर्षानुवर्षं सतत दौऱ्यावर राहिला आणि त्याचे भक्त प्रत्येक रात्रीची यादी टिपून ठेवत आले. आज काय घेतलं, काय गाळलं, जुनं गाणं कुठल्या नव्या चालीत म्हटलं. या डिलनची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जन्मानं तो यहुदी. १९७९ च्या सुमारास तो ख्रिस्ती भक्तिमार्गाला लागला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमांत त्यानं आपलं एकही जुनं गाणं म्हटलं नाही. नुसती नवी, धर्माची गाणी. लोकांनी आरडाओरडा केला. वर्षभरानं त्याच शहरात जुनी गाणी यादीत परत आली.

म्हणजे धर्म बदलला की यादी बदलते, आणि श्रोत्यानं रेटा लावला की ती परत हलते. आपल्याला यात नवीन काही नाही. आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला धर्म बदलला. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यातल्या पहिल्या तीनच आपल्या गायकाची यादी उलटीपालटी करायला पुरेशा होत्या. ब्रह्मा-विष्णू-महेश गेले, राम-कृष्ण गेले, गौरी-गणपती गेले. मग तमाशाच्या गणात उरलं काय?

खरं म्हणजे उलथापालथ त्याच्याही आधीची. सत्यशोधक जलशांनी रस्ता घातला होता. त्या रस्त्यानं १९३० नंतर नाशिकच्या बाजूला भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे निघाले. कर्डकांनी पुढं या जलशांवर पुस्तकही लिहिलं. तमाशाची बांधणी अशी, की आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. जलशानं ती चौकट ठेवली आणि आतला माल बदलला. देवाच्या स्तवनाची जागा माणसाच्या मुक्तीनं घेतली. गौळणीतल्या चाळ्यांना रजा मिळाली. वगात राजा-राणी जाऊन सावकार आला, भट आला, पाणवठा आला, मेलेलं ढोर ओढायचं नाकारणारा तरणा पोर आला. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेबांच्या नावानं सांगतात ते याच अर्थानं. जलशाची पहिली क्रांती ही गाण्यांच्या क्रमात झालेली क्रांती आहे. यादी हा तिथं विचार होता. पहिलं काय म्हणायचं आणि काय म्हणायचंच नाही, हे ठरवण्यात त्यांचं सगळं राजकारण होतं.

म्हणून मी म्हणतो की यादीवर टीका करणं म्हणजे करमणुकीवर टीका करणं नव्हे.

३

प्रल्हाद शिंदे हे नाव काढलं की टपरीवर हटकून वाद पेटतो. प्रल्हाददादा २००४ साली गेले. त्यांच्या गळ्यातून भीमगीतं आली, कव्वाल्या आल्या, लोकगीतं आली आणि विठ्ठलाची गाणीही आली. आषाढीला नवी मुंबईतल्या जुन्या गावठाणांतून पहाटे भोंगा सुरू होतो तेव्हा त्यावर बहुधा त्यांचाच आवाज असतो. आमच्यातले कडवे म्हणतात, "ज्या तोंडानं भीम म्हणायचं त्याच तोंडानं विठ्ठल कसा म्हणवला?"

मी याचं उत्तर दुसरीकडून देतो. डिलननं जुनी यादी फेकून दिली तेव्हा त्याच्या पाठीशी जगभर खपलेल्या तबकड्या होत्या. एक वर्ष लोक चिडले तरी चूल विझणार नव्हती. आपल्या गायकाचं वर्ष कसं असतं? एप्रिल-मेमध्ये जयंती. पावसाळ्यात आषाढी. भाद्रपदात गणपती. मग नवरात्र. मधे जत्रा आणि लग्नं. वर्षाचे बारा महिने आणि बारा महिन्यांची पोटं. कंपनी सांगेल ते रेकॉर्ड करायचं. यात गायकाला प्रतिज्ञा विचारण्याआधी आपण त्याला बारा महिन्यांचा पगार देत होतो का, हे विचारा.

पण एवढ्यावर वाद मिटत नाही, कारण त्यात दुसरं एक दुखणं आहे. चोखोबाला देवळाच्या दाराबाहेर ठेवलं. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. आणि आज त्याच देवळाच्या भोंग्यातून भीमगीतं गाणाऱ्याचा आवाज घुमतो. ऐकणाऱ्या कितीकांना त्याची दुसरी यादी माहीत नसते. त्यांनी गळा घेतला, त्या गळ्याची भीमगीतं वस्तीच्या वेशीबाहेर ठेवली. विठ्ठलाची गाणी सगळ्यांची झाली आणि भीमाची गाणी फक्त आपली राहिली. यादीची ही फाळणी प्रल्हाददादांनी केली नाही. ती समाजानं केली. एकाच माणसाच्या दोन याद्या, एक गावात आणि एक गावकुसाबाहेर. यावर रागवायचं तर राग योग्य पत्त्यावर पाठवा.

४

आता वामनदादा कर्डकांकडं येऊ. १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. अक्षरओळख मोठेपणी झाली. १९४३ साली सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर पहिलं गाणं केलं आणि मग २००४ साली जाईपर्यंत हजारांनी गाणी केली. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, पण छापलेल्यापेक्षा न छापलेलं किती तरी जास्त. ती गाणी गावोगावच्या गायकांच्या वह्यांत गेली, वह्या पावसात भिजल्या, गायक वारले. जे गाणं मांडवात म्हटलं गेलं ते जगलं. जे यादीतून पडलं ते मेलं. त्याला दुसरं घर नव्हतं. प्रस्थापित कवीचं गाणं कुणी गायलं नाही तरी ग्रंथालयात त्याची प्रत असते. आपल्या कवीची प्रत म्हणजे गायकाची यादी.

आणि इथं एक बारीक गोष्ट आहे जी टपरीवरच्या माणसांनी मला दाखवली. वामनदादा शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव गोवतात. संतांच्या अभंगात असते तशी नाममुद्रा. आता मांडवात काय होतं? गाणं रंगात येतं. दोन अंतरे होतात. तोवर चिठ्ठ्या येऊन पडलेल्या असतात. निवेदक खुणा करतो. गायक मुखडा परत घेऊन गाणं मोडतो आणि पुढचं उचलतो. शेवटचा अंतरा राहिला, म्हणजे वामनचं नाव राहिलं. अशा शंभर रात्री झाल्या की गाणं गायकाचं होतं. पोरं विचारतात, "हे कुणाचं?" आणि उत्तर येतं ते गायकाच्या नावानं. मोबाईलवर जे फिरतं त्यातही असंच. कवी शेवटच्या अंतऱ्यात राहतो आणि शेवटचा अंतरा कापला जातो.

"घणसोलीत शेवटचा अंतरा म्हनला, आपल्याकडं खाल्ला" ही तक्रार म्हणून फालतू नाही. जन्मभर नाव नाकारलं गेलेल्या समाजातला एक कवी गाण्यात आपलं नाव लिहितो आणि आपल्याच मांडवात ते पुसलं जातं. साहित्य संमेलनात असं झालं असतं तर आपण पत्रकं काढली असती.

५

मग यादी लावतो कोण? आम्ही यावर पुष्कळ डोकं खाजवलं. गायक लावतो हे उत्तर अर्धं आहे. वहीत तो काही तरी लिहून आणतो, पण ती वही मांडवात चार हात धरतात.

पहिला हात चिठ्ठीचा. फर्माईश आपल्या कार्यक्रमाचा जीव आहे, ती नको असं मी म्हणणार नाही. स्टेडियममधल्या पोराला जे मिळत नाही ते आपल्या वस्तीतल्या पोराला मिळतं, तो कागदाच्या चिटोऱ्यावर यादी बदलू शकतो. पण चिठ्ठीला नोट गुंडाळली की चिठ्ठीचं वजन बदलतं. पाचशेची नोट दहाच्या नोटेच्या आधी वाचली जाते. नोट देणाऱ्याचं नाव, त्याच्या भावाचं नाव, त्याच्या मंडळाचं नाव माईकवर येतं. मग त्याला असंच गाणं पाहिजे असतं ज्यात छाती फुगते. पाणवठ्याच्या, भाकरीच्या गाण्याला नोट कोण लावणार? मावशीकडं पाचशेची नोट नाही. तिचं गाणं तिथंच संपलं.

दुसरा हात बॅनरवाल्याचा. महापालिकेची निवडणूक जवळ आली की वर्गणीच्या पावत्या कमी होतात आणि एकाच माणसाची रक्कम वाढते. तो मग मंचावर बसतो, बोलतो, त्याचा सत्कार होतो. त्याच्या पुढ्यात ठेकेदारी कामगाराच्या मजुरीचं गाणं म्हणायला गायकाची जीभ जड होते. कुणी सांगायची गरज पडत नाही.

तिसरा हात घड्याळाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद झाला. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. नियम वाईट आहे असं नाही, आजाऱ्याला आणि पहाटपाळीच्या कामगाराला झोप पाहिजेच. पण त्यानं काय केलं ते पाहा. आधी जलसा रात्रभर चाले, कव्वालीचे सामने उजाडेपर्यंत चालत. एका पार्टीनं सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा. समोरच्यानं काय म्हटलं त्यावर आपलं पुढचं गाणं ठरायचं. यादी मांडवातच, डोळ्यांसमोर, वादातून जन्माला यायची. आता पाहुण्यांची भाषणं वजा जाता दोन-अडीच तास उरतात. त्यात सवाल-जवाब बसत नाही. लांब कथागीत बसत नाही. बसतो तो मुखडा.

चौथा हात डीजेचा. मिरवणुकीत गाणं चालण्यासाठी लागतं, ऐकण्यासाठी नाही. तिथं चार ओळी आणि ठोका पुरतो. मंचावरचा गायकही हळूहळू मिरवणुकीसारखा गाऊ लागतो.

पाचवी गोष्ट आहे, तिला मी हात म्हणत नाही. ती वयाची. बुजुर्ग गायकाचा गळा खाली येतो. काळी चारमधलं गाणं काळी दोनमध्ये घ्यावं लागतं. ज्याचा अंतरा वर चढतो ते गाणं तो टाळतो, नाही तर पोराला म्हणायला लावतो आणि स्वतः हातानं ताल धरतो. इथं आमच्यातले काही शिट्ट्या मारतात ते मला पटत नाही. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. एकोणऐंशीव्या वर्षी. जो माणूस शेवटच्या श्वासापर्यंत मंचावर उभा राहतो त्याला खालच्या पट्टीत गायचा हक्क आहे. म्हातारपणी गाळलेलं गाणं वेगळं आणि नोटेपायी गाळलेलं वेगळं. समीक्षकाला दोन्हींतला फरक कळला पाहिजे.

६

या चार हातांनी मिळून यादीत काय उरलं आणि काय गेलं?

स्तुती उरली, प्रश्न गेले. बाबासाहेबांचा कोट उरला, पेन उरला, गाडी उरली, रुबाब उरला. खोतीविरुद्ध १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणणारे, कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी १९३८ च्या नोव्हेंबरात संपात उतरणारे बाबासाहेब यादीत शोधावे लागतात. महाड उरलं, पण १९२७ सालातलं चित्र म्हणून. आज टँकरमागं हंडा घेऊन धावणाऱ्या बाईचं पाणी त्या गाण्यात शिरत नाही.

नवी मुंबईत हे जास्त बोचतं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठी नवं शहर उठलं. त्याची खडी कुणी फोडली? १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर सोडून निघालेल्या माणसांच्या पिढ्या या पट्ट्यातल्या दगडखाणींत, नाक्यांवर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या दारांत उभ्या राहिल्या. सेक्टर आखले गेले तेव्हा ती माणसं नकाशात नव्हती. त्यांची गाणी असणारच, मावशीच्या आईनं ऐकलं ते त्यातलंच एक. आज ज्या शहरात जयंतीचा मांडव पडतो त्या शहराची गाणी त्या मांडवात नाहीत.

नामांतराचंही तसंच. १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली. सोळा वर्षं ती गाणी यादीत पेटत राहिली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि गाणी थंड पडली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्या दुःखात आपला शाहीर विलास घोगरेनं जीव दिला. त्याची गाणी आज किती मांडवांत होतात? यादीत घटना येते आणि निघून जाते. ती कुठं जाते याची नोंद कुणाकडं नाही.

विद्रोहाची बाजू जिवंत नाही असं नाही. संभाजी भगतांसारखा शाहीर गाण्यापेक्षा गाण्यांच्या मधल्या बोलण्यानं श्रोत्याला हलवतो, त्याची यादी म्हणजे सलग युक्तिवाद असतो. शीतल साठे आणि सचिन माळी २०१३ साली विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. गाणारी माणसं तुरुंगात जातात म्हणजे त्यांच्या यादीत काही तरी आहे. पण आमच्या जयंतीच्या मांडवात असा जलसा क्वचित येतो. मंडळाला विचारलं तर म्हणतात, "पब्लिक नाचत नाय." एका बाजूला प्रश्न आहेत पण मांडव नाही, दुसऱ्या बाजूला मांडव आहे पण प्रश्न नाहीत.

बायकांचं तर विचारूच नका. रमाईची गाणी वाढली, चांगलं झालं. पण त्या गाण्यांतली बाई उपाशी राहते, गोवऱ्या थापते, वाट बघते आणि मरते. यादीत बाईला एवढीच जागा. हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्याचं गाणं दिघ्याच्या मांडवात त्या पदर लावलेल्या बायकांपुढं झालं असतं तर? कडुबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गायच्या. मोबाईलवर त्यांचं एक गाणं फिरलं आणि महाराष्ट्र थांबून ऐकू लागला. त्या आवाजात ढोल नव्हता, डीजे नव्हता. लोकांना फक्त ठोका लागतो हे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बजावलं होतं, की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडं नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. ज्या माणसानं हे सांगितलं त्याचीच आपण भजनं करायला निघालो आहोत. यादीतून प्रश्न गळतात तेव्हा जे उरतं त्याला भजनच म्हणतात. देव बदलला, टाळ तेच.

७

शाळामास्तर मला म्हणतो, "तू गायकावर फार ओझं टाकतोस." मी गायकावर टाकतच नाही. गायक पोटासाठी मांडव वाचतो आणि मांडव जे दाखवतो तेच वाचतो. ओझं मांडवाचं आहे.

म्हणून मंडळांना माझं उघड सांगणं आहे. सुपारी ठरवताना रकमेबरोबर यादीवरही बोला. पहिला अर्धा तास चिठ्ठी घेऊ नका, तो गायकाच्या वहीचा राहू द्या. गाणं सुरू होण्याआधी कवीचं नाव माईकवर घ्या. शेवटचा अंतरा कापू देऊ नका, भाषण कापा. नोटेशिवाय आलेली चिठ्ठी आधी वाचा. एक गाणं तरी आपल्या वस्तीच्या कामाचं, पाण्याचं, मजुरीचं असू द्या, आणि नसेल तर वस्तीतल्या पोराकडून लिहून घ्या. वामनदादांनी अक्षर शिकून लिहिलं. आपल्या पोरांकडं तर पदव्या आहेत.

टपरीवरच्या दोस्तांनाही सांगतो. भांडण थांबवू नका, फक्त ते वहीत उतरवा. तारीख, ठिकाण, गाणं, कवी, किती अंतरे झाले, कुठला गाळला, कुणाच्या चिठ्ठीवर आलं. दिघ्याची वही, तुर्भ्याची वही, नेरूळची वही. दहा वर्षांनी या वह्या शेजारी ठेवल्या तर आपला समाज कुठून कुठं आला ते कुठल्याही चर्चासत्रापेक्षा नीट दिसेल. डिलनच्या भक्तांनी हौसेनं जे केलं ते आपल्याला गरजेनं करायचं आहे, कारण त्यांची गाणी तबकडीत सुरक्षित आहेत. आपली अजून कुणाच्या तरी तोंडात आहेत, आणि ती तोंडं म्हातारी झाली आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर मावशीच्या आईचं ते खडीचं गाणं लिहायचं आहे. मावशीला मुखडा आठवतो आणि एक अंतरा. पुढचं कुणाला येत असेल तर त्यानं आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाठवावं. कवीचं नाव शेवटच्या अंतऱ्यात असेल.